‘तुम्ही कोणते संगीत ऐकता?’ या प्रश्नाचे खरे उत्तर

पत्र : मी २८ वर्षांची परिचारिका आहे. मिरजेला राहते आणि सांगलीच्या एका रुग्णालयात नोकरी करते. ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी मला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या संभाषण विभागात ७ बँड (गुणश्रेणी) हवे आहेत, पण दोन्ही वेळा ६ मिळाले. दुसऱ्या वेळी पहिल्याच भागात संगीताविषयीचे प्रश्न आले. क्लासमध्ये पाठ करून घेतलेले उत्तर मी दिले : संगीत म्हणजे आत्म्याचे अन्न, मी पॉप संगीत ऐकते, त्याने मनावरचा ताण हलका होतो. परीक्षकांनी मला मध्येच थांबवून ‘लहानपणी काय ऐकत होता?’ असे विचारले आणि मला शब्दच सुचेनात. खरे म्हणजे मी पॉप ऐकतच नाही. रात्रपाळी संपवून बसने घरी येताना मी अभंग ऐकते. माझे वडील तंबोऱ्याच्या कारखान्यात जवारी लावण्याचे, म्हणजे तारांचा आवाज घुमता करण्याचे, काम करतात. पण हे इंग्रजीत सांगणे कठीण, आणि सांगितले तरी परीक्षकांना काय कळणार, असे वाटल्यामुळे मी ते टाळले. माझी उत्तरे कशी सुधारतील? आणखी एक विचारायचे आहे : उत्तर देताना अभंगाची एखादी ओळ गाऊन दाखवली तर चालते का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते तुमच्या सहा बँडचे नव्हे. ज्या मुलीच्या घरात तंबोरा बोलता करण्याचे काम चालते, तिने संगीताविषयी विचारल्यावर जे आपण कधी ऐकत नाही त्याचे नाव घ्यावे, याचे वाईट वाटले. हे मी केवळ भावनेपोटी लिहीत नाही. तुमचे गुणही नेमके याच जागी अडले आहेत असे माझे मत आहे. तुमचे इंग्रजी तुम्हांला वाटते तेवढे कच्चे नाही. जे आपले नाही त्याविषयी बोलताना कोणाचेही इंग्रजी कच्चे पडते, कारण सांगायला तपशील नसतात, आणि तपशील नसले की पाठ केलेल्या तीन वाक्यांनंतर माणूस गप्प होतो.

ही परीक्षा काय तपासते ते आधी नीट समजून घ्या. संभाषणाचा संपूर्ण विभाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे घर, काम, गाव, सवयी, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळते, तयारीसाठी एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अंगाने जरा व्यापक चर्चा होते. गुण चार निकषांवर दिले जातात आणि चारही निकषांचे वजन सारखे असते : बोलण्यातील ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. संगीतातील तुमची अभिरुची किंवा तुमच्या मतांची उंची हा निकष यांत कोठेही नाही. पॉप ऐकणाऱ्याला जास्त आणि अभंग ऐकणाऱ्याला कमी, असा हिशेब परीक्षकांकडे नसतो.

परीक्षकांनी मध्येच थांबवले याचा धसका तुम्ही घेतलेला दिसतो, तो मनातून काढून टाका. पहिल्या भागात त्यांना ठरलेल्या वेळेत ठरावीक विषयांवरचे प्रश्न विचारायचे असतात, त्यामुळे ते अनेकांना थांबवतात आणि पुढे जातात. थांबवणे म्हणजे नापसंती नव्हे. मात्र पाठ केलेले उत्तर अनुभवी कानाला लगेच ओळखू येते, हेही तितकेच खरे आहे. आवाजाची पट्टी बदलते, वेग एकदम वाढतो, आणि पुढच्या साध्या प्रश्नाला तोच वेग राहत नाही. ‘म्यूझिक इज द फूड ऑफ द सोल’ असे सफाईने म्हणणारी मुलगी लहानपणाविषयी विचारल्यावर ‘आय... लिसन... माय ग्रँडमदर...’ असे अडखळू लागली की पहिल्या वाक्याची किंमतही कमी होते. ज्यांनी ते उत्तर पाठ करून घेतले त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण त्या उत्तराने तुमचे नुकसान केले हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे.

आता कामाला लागू. पहिले काम इंग्रजीचे नाहीच. पुढचे सात दिवस एका छोट्या वहीत तुमच्या ऐकण्याची नोंद ठेवा : केव्हा ऐकले, कोठे ऐकले, कशावर ऐकले, किती वेळ ऐकले, सोबत कोण होते, आणि मध्ये बंद केले असेल तर का केले. आपण रोज काय ऐकतो हे आपल्याला ठाऊक असते असा आपला समज असतो, पण कोणी अचानक विचारले की ‘सगळेच ऐकते’ किंवा ‘वेळ मिळेल तसे ऐकते’ यापलीकडे काही सांगता येत नाही, आणि ही अडचण मराठीतही येते. ‘सगळ्या प्रकारचे संगीत आवडते’ हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते वाक्य तुम्ही कायमचे सोडून द्यावे अशी माझी विनंती आहे. त्याच्यापुढे बोलायला जागाच उरत नाही. याउलट तुमच्या वहीत असे काही सापडेल : बसमध्ये एकाच कानात इअरफोन घालते, कारण दुसऱ्या कानाने थांब्याचे नाव ऐकायचे असते, घरी पोहोचल्यावर मात्र काहीच ऐकत नाही, कारण वडील तारा छेडून पाहत असतात. (ही उदाहरणे मी कल्पनेने लिहिली आहेत, तुमची तुम्ही शोधा.) असे दोन तपशील हाती असले की उत्तर आपोआप लांबते आणि ओघवतेही होते, कारण पुढचे वाक्य आठवावे लागत नाही, ते डोळ्यांसमोर असते.

पहिल्या भागातील उत्तराची लांबी दोन ते चार वाक्ये असावी, म्हणजे साधारण पंधरा-वीस सेकंद. त्याची घडण मी विद्यार्थ्यांना अशी सांगतो : आधी प्रश्नाचे सरळ उत्तर, मग ते केव्हा आणि कोठे घडते, आणि शेवटी त्यातील एखादी बारीक गोष्ट किंवा कारण. ‘व्हेन डू यू लिसन टू म्यूझिक?’ या प्रश्नाला तुम्ही असे म्हणू शकाल : ‘मोस्टली ऑन द बस होम आफ्टर अ नाइट शिफ्ट. आय पुट वन इअरफोन इन अँड कीप द व्हॉल्यूम लो, सो दॅट आय डोन्ट मिस माय स्टॉप. बाय दॅट टाइम आय अॅम टू टायर्ड टू टॉक टू एनीवन, बट आय कॅन स्टिल लिसन.’ यात एकही अवघड शब्द नाही. तरीही ‘सो दॅट’ने जोडलेले एक वाक्य आहे, ‘टू टायर्ड टू टॉक’ ही नेमकी रचना आहे, आणि हे उत्तर सांगलीहून मिरजेला येणाऱ्या एका परिचारिकेचेच आहे हे ऐकणाऱ्याला जाणवते. हे उत्तर पाठ करू नका. तुमच्या वहीतून तुमचे उत्तर तयार करा, आणि तेही दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत सांगा.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येतो : अभंग म्हणजे काय, जवारी म्हणजे काय, हे परदेशी परीक्षकांना कसे सांगायचे? तुम्ही ही अडचण मानता, मी ती संधी मानतो. सात बँडच्या शब्दसंपत्तीच्या वर्णनात एक महत्त्वाची अपेक्षा अशी आहे की नेमका शब्द नसेल तेथे दुसऱ्या शब्दांत आशय पोहोचवता आला पाहिजे. पॉप संगीताविषयी बोलताना हे कौशल्य दाखवण्याची वेळच येत नाही, कारण तो शब्द सर्वांना माहीत असतो. अभंगाविषयी बोलताना ती वेळ पहिल्याच वाक्यात येते. तेव्हा मूळ शब्द बिनदिक्कत वापरा आणि त्याला लागूनच एक सोपा खुलासा द्या : ‘आय लिसन टू अभंग्ज. दे आर डिव्होशनल साँग्ज इन मराठी, माय मदर टंग, अँड सम ऑफ देम आर मोर दॅन सेव्हन हंड्रेड इयर्स ओल्ड.’ ज्ञानेश्वर आणि नामदेव तेराव्या शतकातले, त्यामुळे सातशे वर्षांचा हा उल्लेख अचूक आहे. पुढे बोलायचे असेल तर वारी आहेच : ‘पिलग्रिम्ज सिंग देम ऑन द लाँग वॉक टू पंढरपूर एव्हरी इयर.’ संतपरंपरा, विठ्ठल, वारकरी संप्रदाय हे सगळे समजावून सांगण्याची गरज नाही. खुलासा एका वाक्यात संपला पाहिजे, नाहीतर उत्तराचे व्याख्यान होते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

तंबोऱ्याचेही तसेच आहे. ‘तंबोरा’ म्हटल्यावर परीक्षकांना सतार किंवा गिटार डोळ्यांसमोर येईल, म्हणून त्याचे काम काय आहे ते सांगा : ‘इट्स अ लाँग इन्स्ट्रुमेंट, यूज्वली विथ फोर स्ट्रिंग्ज. यू डोन्ट प्ले अ ट्यून ऑन इट. इट कीप्स अ स्टेडी साउंड गोइंग बिहाइंड द सिंगर.’ आणि जवारी? घोडीचा, म्हणजे तारांखालच्या छोट्या पट्टीचा, पृष्ठभाग घासून असा गोलसर करायचा की तार तिला हलकेच स्पर्श करत राहील आणि आवाज घुमत, लांबत जाईल. मग तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून तो आवाज खुलवायचा. हे तुम्ही लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचे इंग्रजी तुम्हांला वाटते तितके दूर नाही : ‘माय फादर शेप्स द लिटल ब्रिज अंडर द स्ट्रिंग्ज. इफ ही गेट्स इट राइट, द साउंड बझेस अँड लास्ट्स लाँगर. इफ ही डझन्ट, इट गोज डेड.’ शेप्स, ब्रिज, बझेस, लास्ट्स, गोज डेड हे शब्द शाळेत शिकलेलेच आहेत, पण ते अशा नेमक्या जागी बसले की शब्दसंपत्ती दिसते. कोशातून शोधून आणलेला ‘मेलिफ्लुअस’ हा शब्द वापरला म्हणून ती दिसत नाही. एक सूचना आहे : वडिलांना एकदा समोर बसवून त्यांच्या कामाविषयी मराठीत दहा प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे इंग्रजीत सांगून पाहा. यापेक्षा चांगला सराव मला सुचत नाही.

यानंतर व्याकरण. तुम्ही पत्राच्या येथे न छापलेल्या भागात तुमची जी काही वाक्ये आठवून लिहिली आहेत त्यांत ‘आय लिसन पॉप म्यूझिक’ असे दोनदा आले आहे. ‘लिसन’नंतर ‘टू’ लागते, हे तुम्हांला ठाऊक असणारच. घाईत ते गळते, कारण मराठीत आपण गाणे ऐकतो, गाण्याला ऐकत नाही. ‘लिसन’ आणि ‘हिअर’ यांतला फरक मात्र मराठीच्या आधाराने सहज लक्षात राहतो : आपण मुद्दाम ऐकतो तेव्हा ‘लिसन टू’, आणि आपल्याला ऐकू येते किंवा कानावर पडते तेव्हा ‘हिअर’. कारखान्यातून तारांचा आवाज ऐकू येतो, तो ‘आय हिअर द स्ट्रिंग्ज फ्रॉम द वर्कशॉप’. बसमध्ये अभंग लावून ऐकता, ते ‘आय लिसन टू अभंग्ज’. हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे, तो फक्त सोबत न्यायचा आहे.

परीक्षकांचा जो प्रश्न तुम्हांला अडवून गेला, त्याच्या मुळाशीही असाच एक भेद आहे. ‘लहानपणी आजीबरोबर भजनाला जायचे, ती म्हणायची, मी ऐकायचे’ असे आपण मराठीत किती सहज बोलतो! हे ‘जायचे, म्हणायची, ऐकायचे’ म्हणजेच इंग्रजीतील ‘यूज्ड टू’, आणि तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडत असल्याचे सांगताना ‘वुड’ : ‘आय यूज्ड टू गो टू भजन्ज विथ माय ग्रँडमदर. शी वुड सिंग, अँड आय वुड फॉल अस्लीप ऑन हर लॅप.’ अनेक जण ‘यूज्ड टू’ आजच्या सवयीसाठी वापरतात. ‘आय यूज्ड टू लिसन एव्हरी डे’ म्हणताना त्यांच्या मनात ‘मी रोज ऐकते’ असे असते, पण इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून ‘पूर्वी ऐकायचे, आता ऐकत नाही’ असे कळते. आजची सवय साध्या वर्तमानकाळात सांगा : ‘आय लिसन’. आणि ‘लहानपणापासून ऐकते आहे’ यासाठी ‘आय अॅम लिसनिंग सिन्स चाइल्डहुड’ न म्हणता ‘आय हॅव बिन लिसनिंग टू देम सिन्स आय वॉज अ चाइल्ड’ असे म्हणा. मराठीत ‘ऐकते आहे’ एवढ्यावर भागते, इंग्रजीत मात्र भूतकाळात सुरू होऊन आजवर चालत आलेली गोष्ट सांगायला ही लांब रचनाच लागते. या एकाच विषयावरचे नेहमीचे प्रश्न पाहिलेत तर व्याकरणाची किती वेगवेगळी रूपे त्यांत मागितलेली असतात ते दिसेल : लहानपणी काय ऐकायचा, आवड बदलली आहे का, प्रत्यक्ष मैफल कधी ऐकली आहे का, एखादे वाद्य शिकायला आवडेल का. पहिल्याला भूतकाळची सवय, दुसऱ्या-तिसऱ्याला ‘हॅव’ची रूपे, चौथ्याला ‘आय वुड लव्ह टू’. प्रश्न ज्या काळात आला त्या काळातच उत्तराचे पहिले वाक्य सुरू करण्याची सवय लावली, तरी निम्म्या चुका टळतील असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष मैफलीच्या प्रश्नासाठी तर तुम्हांला गावाबाहेर जाण्याचीही गरज नाही. शास्त्रीय गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७मध्ये त्यांचे निधन झाले, आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गायन-वादन होते. तुम्ही ते एकदा जरी ऐकले असेल तर ‘आय हॅव बिन टू अ फ्यू कॉन्सर्ट्स इन माय ओन टाउन’ असे म्हणून पुढे ‘वन नाइट, आय सॅट देअर टिल...’ असा साधा भूतकाळ सुरू करता येईल. ‘हॅव’ने दार उघडायचे आणि प्रसंग सांगताना साध्या भूतकाळात शिरायचे, ही जोडी नीट जमवा. ऐकले नसेल तर ऐकले म्हणू नका. ‘नो, आय हॅवन्ट, बिकॉज आय यूज्वली वर्क नाइट्स’ हेही उत्तम उत्तर आहे.

शब्दांच्या जोड्यांकडे थोडे लक्ष द्या. आपण गाणे ‘लावतो’, रेडिओ ‘चालू करतो’, आवाज ‘कमी करतो’, आणि मग इंग्रजीत ‘आय ऑन द रेडिओ’, ‘आय लेस द व्हॉल्यूम’ असे होऊन जाते. इंग्रजीत संगीत ‘पुट ऑन’ करतात, आवाज ‘टर्न डाउन’ करतात, काम करताना ते ‘इन द बॅकग्राउंड’ असते, गाण्याबरोबर आपण ‘सिंग अलाँग’ करतो, आणि एखादे गाणे दिवसभर मनात घोळत राहिले तर ते ‘स्टक इन माय हेड’ असते. ‘म्यूझिक’चे अनेकवचन होत नाही, आणि ‘वन ऑफ माय फेव्हरिट’नंतर ‘सिंगर्स’ असेच हवे. मराठीतही आपण ‘आवडत्या गायकांपैकी एक’ असे अनेकवचनच वापरतो. एवढे या बाबतीत पुरे.

उच्चारांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण येथे देवनागरी आपली फसगत करते. आपण ‘व्हायोलिन’ आणि ‘व्हॉट’ हे दोन्ही शब्द ‘व्ह’ने लिहितो, पण इंग्रजीत त्यांची सुरुवात वेगवेगळी आहे. ‘व्हायोलिन’, ‘व्हॉइस’, ‘व्हॉल्यूम’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. ‘व्हॉट’, ‘व्हेन’, ‘वर्ड्स’ म्हणताना दात कोठेही लागत नाहीत, ओठ गोल होऊन पुढे येतात. संगीतावर बोलताना हे सगळे शब्द वारंवार येतात, म्हणून आरशासमोर बसून ते म्हणा. दुसरा आवाज ‘म्यूझिक’मधला. आपण ‘झरा’ म्हणतो तेव्हा जीभ क्षणभर दातांमागे टेकते. इंग्रजी ‘म्यूझिक’मध्ये ती टेकत नाही. गळ्यावर हात ठेवून लांब ‘सऽऽऽ’ म्हणा आणि जीभ न हलवता त्यात आवाज मिसळा. गळा थरथरला आणि भुंग्यासारखा गुंजारव आला की तो आवाज सापडला. ‘साँग्ज’च्या शेवटीही तोच आवाज असतो आणि तेथे तो बहुधा गिळला जातो.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो आघात. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत शब्दातील एक अक्षर ठळक होते आणि बाकीची दबतात : ‘इन्स्ट्रुमेंट’मध्ये पहिले, ‘मेलडी’मध्ये पहिले, ‘म्यूझिशियन’मध्ये दुसरे, ‘डिव्होशनल’मध्ये दुसरे. वाक्यातही ‘टू’, ‘द’, ‘ऑफ’ असे शब्द हलके जातात आणि अर्थ वाहणारे शब्द वर येतात. तुम्ही तालासुरात वाढलेल्या आहात. सम, म्हणजे तालाची पहिली ठळक मात्रा, कोठे येते हे तुमच्या कानाला न शिकवता कळते. त्याच कानाने इंग्रजी वाक्य ऐका आणि त्यातील सम शोधा. ब्रिटिश धाटणीने बोलण्याची कोणीही अपेक्षा करत नाही. मराठी वळण राहिले तरी चालते, ऐकणाऱ्याला कष्ट न पडता समजले पाहिजे, एवढेच पाहिले जाते. देवनागरीत लिहिलेल्या माझ्या वरच्या वाक्यांवरून मात्र उच्चार ठरवू नका. त्यासाठी शब्दकोशाच्या अॅपमधील ध्वनिमुद्रण ऐका.

सराव लिहून करू नका, बोलून करा. वहीतील एक नोंद घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि त्याविषयी एक मिनिट बोला. मग ते ऐका, एकच चूक निवडा आणि तोच मजकूर पाऊण मिनिटात सांगा. पुन्हा ऐका आणि अर्ध्या मिनिटात सांगा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी ज्या चार-तीन-दोन मिनिटांच्या पद्धतीवर लिहिले आहे, तिचेच हे लहान रूप आहे. तीच गोष्ट कमी वेळात सांगावी लागली की शब्द लवकर हाती येतात आणि रेंगाळणारे ‘अॅक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘लाइक’ हे आपोआप गळतात. रात्रपाळीनंतर हे करू नका. झोप झाल्यावर दहा मिनिटे दिलीत तरी पुरतील. शक्य झाल्यास ज्या सहकारी मैत्रिणी हीच परीक्षा देत आहेत त्यांच्यापैकी कोणाला तरी प्रश्न विचारायला सांगा, आणि तिने ‘का?’, ‘म्हणजे काय?’ असे मध्येच अडवावे अशी अटच घाला, कारण तुम्ही अडखळता ते नेमके त्या जागी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची वेगळी चिंता नको. आवडत्या गाण्याविषयी किंवा कलाकाराविषयी कार्ड आले तर हीच वही उपयोगी पडेल, आणि ‘वेगवेगळ्या वयांच्या लोकांना वेगळे संगीत का आवडते?’ असा प्रश्न आला तर घरातले उदाहरण देऊन मग सामान्य विधानाकडे जा. काही परिचारिका या परीक्षेऐवजी ओईटी ही आरोग्यसेवेतील लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा देतात, आणि तिच्या संभाषणात रुग्णांशी बोलण्याचे प्रसंग असल्यामुळे तुम्हालाही तो मोह होईल. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेला तीही चालते. पण तुम्ही अवघ्या एका बँडने मागे आहात आणि कारण हाती लागले आहे, म्हणून या वेळी परीक्षा बदलू नये असे मला वाटते. रुग्णाच्या उशाशी बसून साधे बोलणे हाही तुमच्या कामाचा भाग असणार आहे, आणि तेथे कोणी वृद्ध गृहस्थ ‘तुम्ही काय ऐकता?’ असे नक्की विचारतील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ओळ गाऊन दाखवायला मनाई आहे असे नव्हे, पण गाण्याला गुण नाहीत आणि मराठी ओळीतून तुमचे इंग्रजी ऐकू येत नाही. पंधरा सेकंदांच्या उत्तरातील आठ सेकंद त्यात गेले तर नुकसान तुमचेच आहे. गाण्याऐवजी ते गाणे तुम्ही कसे म्हणता ते सांगा. बसमध्ये ओठ न हलवता मनातल्या मनात म्हणत असाल तर ‘आय सिंग अलाँग इन माय हेड, बिकॉज द बस इज फुल’ असे म्हणा. आणि त्यावर परीक्षकांनी ‘मग घरी मोठ्याने म्हणता का?’ असे विचारले, तर घरी खरोखर काय होते तेच सांगा.